जे कळत नाही, तेही पुढं द्यावं

अक्का, तुम्ही गेलात म्हणून धारवाडला मळमड्डीत तुमच्या घरी माणसं अजून भेटायला येत होती, आणि मी हुबळीत बैठकीला जाऊन बसले. कोण काय म्हणेल याची मला फिकीर नव्हती. तुम्ही असतात तर मला हाताला धरून घराबाहेर काढलं असतंत. "इथं बसून नाक पुसण्यानं काय होणाराय, पद्मे? तिकडं माझी ओळ कापतील. जा की!"

आणि खरंच, कापायचीच बैठक होती ती. हुबळी, धारवाड, गदग, हावेरी, इथल्या रक्तपेढ्यांनी रक्तदात्यांची माहिती एकमेकींना कशी पाठवायची, त्यासाठी नवा प्रोग्रॅम घ्यायचा होता. बाकीच्यांच्या दृष्टीनं त्यात पुष्कळ प्रश्न होते. माझ्या दृष्टीनं एकच होता. तुमचा तो एक नियम नव्या प्रोग्रॅममध्ये राहणार की जाणार? तो वाचवायला माझ्याशिवाय तिथं दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या नियमाशी सगळ्यांत जास्त भांडलेली बाईही मीच.

काय झालं ते सांगते. पण आधी थोडं मागचं बोलू. तुमच्याशी बोलायचं म्हणजे मला थेट मुद्द्यावर येताच येत नाही. तुम्हीच लावलेली सवय.

हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या तुमच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात मी पहिल्यांदा आले तेव्हा खाली छत्र्यांचं आणि दप्तरांचं दुकान होतं, आणि वर जायचा जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं मागं फिरायचं. तुम्ही कन्नडातच सुरुवात केलीत, "बर्री, बर्री, कूडरी." मी बसले. माझं आडनाव ऐकून म्हणालात, "अगं, कमरीपेठेतली का? मग मराठीत बोल की, उगीच दोघींना कष्ट कशाला!" मी डिग्रीचं सर्टिफिकेट पुढं केलं. आमच्या घरात असला कागद आणणारी मी पहिली. अप्पांनी त्याची नक्कल काचेत घालून दुकानात तराजूच्या वर, लक्ष्मीच्या शेजारी लावली होती, आणि जिरं घ्यायला आलेल्या माणसाला आधी तो कागद वाचायला लागायचा. तुम्ही त्याकडं पाहिलंत, पाहिल्यासारखं केलंत म्हणू या, आणि विचारलंत, "हे असू दे. घरात काय करता तुम्ही?"

मला राग आला होता, अक्का. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. इतकं शिकून आले आणि ही बाई घरचं विचारते. पण मी खाली बघून बोलणारी नव्हतेच. मी ताठ सांगितलं, मसाल्याचं दुकान आहे, भिंतभर खण आहेत, प्रत्येक खणात एकच माल, दिवे गेले तरी जिरं कुठं आणि शहाजिरं कुठं हे आमच्या हाताला कळतं. ज्याला खण नाही तो माल आमच्या दुकानात येत नाही.

"छान," तुम्ही म्हणालात. "उद्यापासून ये. पण एक दिवस आपलं या खणांवरनं वाजणार, बघ."

वाजलंच. फार थांबावं लागलं नाही.

हुबळीच्या रक्तपेढीचं काम आपल्याकडं आलं. पाठोपाठ धारवाडचं. हुबळीला साधा पीसी, डॉसवर चालणारा. धारवाडला कुठल्याशा कचेरीतनं उतरवून दिलेलं मोठं युनिक्सचं मशीन, कपाटाएवढं, त्याला खोलीत पंखा आणि माणसांना नाही. दोन्ही गावांनी एकमेकांना रक्तदात्यांची माहिती द्यायची, म्हणजे रात्री-बेरात्री कुणाला रक्त लागलं तर या गावात नाही तर त्या गावात माणूस सापडावा. मी आनंदानं फाईल आखली. अगदी आमच्या दुकानासारखी. इतकी अक्षरं नावाला, इतकी पत्त्याला, वयाला दोन बाइट, रक्तगटाला एक. ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन, एबी तीन, ओ चार. मशीन स्वतःच्या पोटात आकडे जसे ठेवतं तसेच उचलून फ्लॉपीवर. एक थेंब वाया नाही. सगळ्या हुबळीचे रक्तदाते एका फ्लॉपीत मावले, आणि मी ती फ्लॉपी अप्पांना नेऊन दाखवली होती.

ती फ्लॉपी धारवाडला गेली आणि दुपारी होसमनी डॉक्टरांचा फोन आला. धारवाडच्या रक्तपेढीचे ते प्रमुख. मराठी बोलायचे, पण कन्नडाच्या चालीवर.

"पद्मा मॅडम, एक विचारू काय? तुमच्याकडं हे तिमण्णा म्हणून रक्तदाते आहेत."

"आहेत की. वय तीस."

"इकडं सात हजार सहाशे ऐंशी दिसतंय."

तुम्ही माझ्या हातातनं फोन घेतलात, ऐकलंत, आणि एवढ्या गंभीर आवाजात म्हणालात, "डॉक्टर, या वयात माणूस रक्त द्यायला येतोय, आपण त्यांचा सत्कार करू या. शाल मी आणते, हार तुमचा."

हसणं झाल्यावर डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी नंतर किती इंजिनियर मुलांना सांगितलंय. "डॉक्टर, मराठीत आम्ही पंचवीस म्हणतो. आधी पाच, मग वीस. तुमच्या कन्नडात इप्पत्तैदु. आधी वीस, मग पाच. दोघांच्या मनात आकडा तोच. आमचं मशीन मराठी मोजतं, तुमचं कन्नड. पद्मीनं मराठीत मोजलेलं कन्नडात वाचलं गेलं, एवढंच." पलीकडनं डॉक्टर म्हणाले, "अय्यो, एवढंच होय!" दोन मशिनांनी बाइट ठेवायचा क्रम उलटा असतो हे कॉलेजमध्ये मी पाठ करून मार्क घेतलेले होते. पण कळलं ते त्या दिवशी, फोनच्या एका बाजूचं ऐकून.

मी म्हटलं, सोपं आहे, धारवाडच्या प्रोग्रॅममध्ये आकडा उलटा करून घेते. तुम्ही म्हणालात, "आणि उद्या गदगला तिसरंच मशीन आलं की? मग तिथं काय करशील, आडवा करशील?" मग जरा थांबून, "मशीनच्या पोटातलं पोटात राहू दे, पद्मे. बाहेर पडताना ते माणसाला वाचता येईल असंच पडलं पाहिजे."

म्हणून आपण ती साधी फाईल केली. नुसती अक्षरं. प्रत्येक गोष्टीची एक ओळ, डावीकडं तिचं नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडं माहिती. वय बरोबर तीस. गट बरोबर ओ. एक माणूस संपला की एक रिकामी ओळ. आकडेसुद्धा अक्षरांत, तीन आणि शून्य, जसं पाटीवर लिहितात तसं. एका फ्लॉपीच्या जागी फ्लॉप्यांची चळत झाली. माझा जीव तुटत होता. "अक्का, ही काय उधळपट्टी! प्रत्येक माणसामागं 'वय' हा शब्द परत परत कशाला लिहायचा? सगळ्यांना वय असतंच की!"

"असतं. पण कुठल्या जागेवर असतं हे तुलाच माहीत. तू लग्न करून सांगलीला गेलीस तर?"

"मी कुठं जात नाही."

"तेही खरंच," म्हणालात तुम्ही, आणि चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवलंत.

इथपर्यंत मी मान्य केलं असतं. मनातल्या मनात केलंही होतं. भांडण पेटलं ते पुढच्या नियमावरनं. तुम्ही कागदावर एकच वाक्य लिहून भिंतीवर लावलंत, आणि गदगचा प्रोग्रॅम दुसऱ्याच कुणीतरी लिहायला घेतला होता त्यांनाही तेच कळवलंत. आपल्या प्रोग्रॅमला ज्या ओळीचा अर्थ लागत नाही ती ओळ खोडायची नाही, जशी आली तशी त्या माणसाच्या नावाखाली ठेवायची, आणि फाईल पुढं पाठवताना तशीच पुढं द्यायची.

मी म्हटलं, हा वेडेपणा आहे. ज्याचा अर्थ नाही ते ठेवायचं कशाला? खण नाही तो माल दुकानात येत नाही.

तेव्हा तुम्ही नीलव्वांची गोष्ट सांगितलीत. तुमचे वडील बदली होऊन नुकतेच मळमड्डीत आले होते, तुम्ही अगदी लहान. आई सांगलीकडची, तिला कन्नडाचा गंध नाही. शेजारच्या नीलव्वांना मराठी येत नाही. आई आजारी, आणि औषधपाणी, पथ्य, डॉक्टर काय म्हणाले, सगळे निरोप तुमच्या तोंडून. "निम्मं मला कळायचं नाही, पद्मे. पण मी गाळत नसे. नीलव्वा म्हणाल्या तो आवाज जसाच्या तसा आईपुढं. आईला नाही कळला तर संध्याकाळी बाबा आले की त्यांना. कुणाला ना कुणाला कळायचाच. मीच मध्ये शहाणपणा केला असता तर आई जगली नसती."

"अक्का, कॉम्प्युटर म्हणजे नीलव्वा नाहीत."

"नाहीत. नीलव्वा वेळेवर उठायच्या."

तुमच्याशी असं बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. तो परत यायचाच, आणि येताना जरा जास्त जोरात.

आणि माझ्या बाजूनंही पुरावे होते, हे तुम्ही शेवटपर्यंत नाकारलं नाहीत. धारवाडच्या ऑपरेटरनं एकदा प्रोग्रॅम चालतोय का बघायला एका माणसाच्या खाली ओळ घातली, "चा आतेन", म्हणजे चहा झाला का. इंग्रजी अक्षरांत, बरोबरच्या चिन्हासकट. ती ओळ हुबळीला आली, आपल्या प्रोग्रॅमला अर्थ लागला नाही म्हणून त्यानं ती जपली, गदगला पाठवली, गदगनं जपली, परत धारवाडला. वर्षानुवर्षं त्या बिचाऱ्या रक्तदात्याबरोबर तो चहा तिन्ही गावं फिरत होता. मी तुम्हाला दर वेळी दाखवायची. "हा बघा तुमचा नियम!" तुम्ही म्हणायचात, "फिरू दे की. कुणाला भार होतोय?"

आता ती दुपार. मी ती कुणाला फारशी सांगत नाही, कारण सांगताना माझा आवाज बिघडतो आणि मला ते आवडत नाही.

कलघटगीकडची एक मुलगी धारवाडला बाळंत झाली आणि रक्त थांबेना. तिचा गट ओ. ओ गटाच्या पिशव्या भरपूर होत्या. पण एकही पिशवी जुळेना. तिचं रक्त आणि ओ गटाचं रक्त काचेवर एकत्र केलं की गाठी व्हायच्या. होसमनी डॉक्टर जाणते, त्यांनी पुढची तपासणी केली, आणि फोन केला. मी उचलला. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"पद्मा मॅडम, ही ओ नव्हे. ओसारखी दिसते फक्त. बॉम्बे गट म्हणतात याला. लाखात कुठं एखादा. हिला दुसऱ्या कुणाचंच रक्त चालत नाही, फक्त याच गटाचं. तुमच्या फाईलमध्ये असा कुणी आहे काय?"

मी काय सांगणार? आपल्या प्रोग्रॅममध्ये चारच गट होते. ते मीच लिहिले होते. तसला पाचवा गट जगात असतो हेच मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टर, प्रोग्रॅममध्ये तसं शोधायची सोयच नाही." आणि फोन तुमच्याकडं दिला.

तुम्ही म्हणालात, "प्रोग्रॅम राहू दे बाजूला. नुसती फाईल उघडा, डॉक्टर. अक्षरांची फाईल आहे, कशानंही उघडेल. बॉम्बे हा शब्द शोधा. इंग्रजीत. मोठी लिपी, लहान लिपी, दोन्ही." आणि फोन कानाला लावून उभ्याच राहिलात. खाली छत्रीवाला कुणाशी तरी भाव करत होता. ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

मग तुम्ही म्हणालात, "वाचा."

गदगच्या एका चित्रकलेच्या मास्तरांच्या नावाखाली ती ओळ होती. वय, पत्ता, गट ओ, आणि त्याखाली, 'विशेष बरोबर बॉम्बे'. गदगच्या एका डॉक्टरांना कधीतरी तपासताना ते सापडलं होतं. त्यांच्या प्रोग्रॅममध्येही त्याला खण नव्हता. त्यांनी आपली एक ओळ वाढवून ठेवली होती, एवढंच. गदगच्या प्रोग्रॅमला ती कळली नाही. आपल्या हुबळीच्या प्रोग्रॅमला ती कळली नाही. धारवाडच्या मशीनला, जे आकडेच उलटे मोजायचं, त्यालाही कळली नाही. तिघांनीही ती जपून पुढं दिली होती.

मास्तर वर्गातनं उठून जीपनं आले. हाताला रंग तसाच. बाकीची व्यवस्था मुंबईकडनं होईपर्यंत त्यांची ती एक पिशवी त्या मुलीला पुरली. ती वाचली.

मी दुसऱ्या दिवशी तिला बघायला गेले. तिला काय सांगणार की मी कोण? रक्तपेढीतली, म्हटलं. ती म्हणाली, "कूडरी." मी बसले. तिचं मूल तिच्या पोटाला लागून झोपलं होतं आणि ती एक हात त्याच्यावर आणि दुसऱ्या हाताची सुई सांभाळत पडली होती. मी त्या सुईकडं बघत होते. माझ्या फाईलमध्ये ती मुलगी मेली असती, अक्का. माझी फाईल चुकीची नव्हती. काटेकोर होती. रक्तगट चार. चार म्हणजे ओ. बरोबरच होतं की! फक्त त्या मास्तरांची ती एक गोष्ट ठेवायला तिच्यात जागा नव्हती, आणि जागा नाही हे कळायलाही तिच्यात जागा नव्हती.

परत आले तर तुम्ही खिडकीपाशी बसला होतात. मला वाटलं, आता बोलणार. आता म्हणणार, बघ, सांगितलं नव्हतं? तुमचा तो हक्कच होता. तुम्ही म्हणालात, "पद्मे, बॉम्बे गट हा शब्द मी काल पहिल्यांदा ऐकला."

मला ते वाक्य कळायला फार वेळ लागला. अजूनही पुरतं कळलंय असं मी म्हणणार नाही. तुम्ही तो नियम केलात तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं तो कशासाठी. कुणालाच नव्हतं. देवळात उभं राहून माझं असं कधी झालं नाही, मी सरळ सांगते, पण त्या खोलीत, छत्र्यांच्या दुकानाच्या वर, मला हात जोडावेसे वाटले. एक बाई आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीसाठी जागा ठेवते. जी गोष्ट येईल की नाही, येईल तर काय असेल, तिला ठाऊक नाही. आणि ती गोष्ट बरोबर त्या जागेत येऊन बसते. कुणाच्या तरी मरणाच्या आधी.

तरी मी भांडायचं सोडलं नाही. सोडलं असतं तर तुम्हीच काळजीत पडला असतात.

पुढं फाईल लिहायची एक्सएमएल ही नवी पद्धत आली, मी ती झडप घालून घेतली. प्रत्येक माहितीला मागंपुढं नावाची खूण, आणि वर एक नियमपत्र, कुठली माहिती यावी, कुठली येऊ नये, वयात अक्षर चालणार नाही, गटात हेच चालतील. माझ्या मनासारखं. तुम्ही चष्मा वर करून पडद्यावर बघितलंत आणि म्हणालात, "पद्मे, भाजीपेक्षा पिशवी जड झाली." मी म्हटलं, "पिशवी फाटत तरी नाही." तुम्ही म्हणालात, "खणांना नुसती नावं चिकटवलीस गं. आहेत ते खणच." त्यावर आपण दोन दिवस एकमेकींशी फक्त कन्नडात बोललो. रागावलो की आपण दोघी कन्नडात जायचो, आठवतं? मराठी भांडायला फार जवळची पडायची.

खरं सांगते, माझा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. वय सात हजार आलं तर प्रोग्रॅमनं तिथंच अडवलं पाहिजे. तुमच्या साध्या फाईलमध्ये कुणी वयाच्या जागी पत्ता टाकला तरी तो मुकाट पुढं जायचा. त्यानं कुणाचा जीव गेला नाही हे आपलं नशीब. तुमच्या त्या दुपारच्या मोठेपणापुढं मला हे मोठ्यानं म्हणायची लाज वाटायची. पण लाज वाटते म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. हे तुम्हीच शिकवलंत.

शेवटचं भांडण तुमच्या मळमड्डीच्या व्हरांड्यात झालं. तुम्ही शाल घेऊन बसला होतात, आवाज बारीक झाला होता. रस्त्यानं शाळेतली पोरं रिक्षात कोंबून चालली होती. मी हाच मुद्दा काढला. चहा, वय, सगळं. "तुमच्या नियमानं कचराही पुढं जातो, अक्का."

"जातो."

"मग?"

"मग काय? कचरा कुठला आणि निरोप कुठला, हे आधी कळत असतं तर नियम कशाला करावा लागला असता?"

"पण कुठंतरी अडवायला नको का?"

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणालात, "अडव की. जे कळतं ते अडव. मी कधी नको म्हटलं? मी आपलं..." आणि खोकला आला. तुमची भाची पाणी घेऊन आली आणि डोळ्यांनीच मला उठायला सांगितलं. मी उठले. पुढच्या वेळी उरलेलं बोलू, म्हटलं. तुम्ही हात हलवलात, म्हणजे जा, किंवा ये, दोन्ही त्यातच.

'मी आपलं' याच्या पुढं काय होतं, अक्का? मी पुष्कळ वाक्यं लावून पाहिली. एकही तुमचं वाटत नाही. आणि तुमच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही की त्या दुपारपासून मला तुमच्याबद्दल काय वाटतं. तुम्हाला तसली वाक्यं आवडायची नाहीत. मलाही जमायची नाहीत. आता कागदावर लिहितेय तर सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

तर बैठक.

बेंगळुरूहून नव्या प्रोग्रॅमची मुलगी आली होती. हुशार, नेमकी बोलणारी. मला आवडली. तिनं पडद्यावर सगळं दाखवलं आणि शेवटी म्हणाली, "यादीत नसलेली माहिती आली तर आमचा प्रोग्रॅम ती काढून टाकतो. माहिती स्वच्छ राहते." सगळ्यांनी माना डोलावल्या. होसमनी डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. ते आता निवृत्त आहेत, काठी घेऊन आले होते, फक्त एवढ्यासाठी.

मला तिच्यात मीच दिसत होते. खण नाही तो माल येत नाही, हेच ती म्हणत होती, फक्त चांगल्या इंग्रजीत. तिला खोडून काढायला मला माझंच बोलणं खोडायला लागणार होतं, आणि मला ते करायचं नव्हतं, कारण ती अर्धी बरोबर होती. मी उभी राहिले. म्हटलं, "तुमची तपासणी ठेवा. जेवढं कळतं तेवढं कडक तपासा. वय चुकलं, परत पाठवा. गट चुकला, परत पाठवा. पण ज्याचं नावच तुमच्या यादीत नाही, ते टाकू नका. प्रत्येक माणसाच्या शेवटी एक मोकळी जागा ठेवा. तिथं ते जसंच्या तसं राहू दे, आणि पुढं जाऊ दे."

"मॅडम, पण त्याचा अर्थ काय लावायचा?"

"लावायचा नाही."

"मग ठेवायचं कशाला? कचरा येईल."

"येईल. भरपूर येईल."

ती गोंधळली. तेव्हा डॉक्टर बसूनच बोलले, कन्नडात, हळू. कलघटगीची मुलगी, काचेवरच्या गाठी, गदगचे मास्तर. त्यांनी तुमचं नाव घेतलं आणि थांबले. त्या मुलीनं वहीत काही लिहिलं नाही, नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "मोकळी जागा घालायला अवघड नाही, मॅडम. आम्हाला कुणी मागितलीच नव्हती."

राहिली, अक्का. तुमची ओळ राहिली. माझी तपासणीही राहिली. भांडण कोण जिंकलं हे मला सांगता येत नाही, आणि विचारायला आता कुणी नाही. 'अडव की, जे कळतं ते अडव' असं तुम्ही म्हणाला होतात. उरलेलं अर्धं मी माझ्या अकलेनं भरलंय. चुकलं असेल तर चुकलं.

काल नव्या प्रोग्रॅमची पहिली चाचणी होती. हावेरीहून फाईल आली. तपासणीत सगळं पार झालं, वय, पत्ता, गट. एका बाईच्या नावाखाली, मोकळ्या जागेत, एक ओळ होती. तीन अक्षरं, बरोबरचं चिन्ह, एक आकडा. मी डॉक्टरांना दाखवली, त्यांना उमगली नाही. हावेरीला फोन केला, तर ज्यानं लिहिली तो बदलून दुसरीकडं गेलाय, कुणाला माहीत नाही. मी ती बराच वेळ बघत बसले. कचरा असेल. चूक असेल. कुणाच्या तरी जिवाची असेल.

मला अर्थ लागला नाही. मी ती तशीच धारवाडला पाठवली.